गुरुवारचा प्रश्न

शुक्रवार, ५

नवं राष्ट्रीय शिक्षण धोरण आपल्या राज्यात राबवायचा मसुदा वाचून संपवला. डोकं भणभणलंय! कागद गुळगुळीत, पानोपानी हसणारी मुलं. आणि आत काय, तर कंत्राटी शिक्षकांना यापुढे शिक्षक म्हणायचंच नाही. 'मार्गदर्शक' म्हणायचं! शिक्षकाला पगार द्यावा लागतो, मार्गदर्शकाला मानधनावर भागवता येतं. हे कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं, देव जाणे.

आमची धाकटीही अशीच मार्गदर्शक होणार. एका खोलीत दोन वर्ग घेते – एकाचं तोंड फळ्याकडे, दुसऱ्याचं भिंतीवरच्या तक्त्याकडे. फोनवर विचारलं, कसं वाटतंय? "आई, मला भाड्यानं खोली देत नाहीत. नोकरी कायम आहे का, विचारतात."

शनिवार, ६

गुरुवारी माझा प्रश्न सभागृहात लागलाय! कंत्राटी शिक्षकांना नव्या सत्रापासून पूर्ण वेतनश्रेणी देणार का? हो की नाही, एवढंच सांगा.

साहेबांना – आमच्या पक्षप्रमुखांना – लगेच कळवलं. "बरं, बघू," म्हणाले. एरवी सरकारवर तुटून पडायचं म्हटलं की यांना कोण आनंद! तब्येत बरी नसावी.

मंगळवार, ९

हसावं की रडावं! धोरणावर बोलायला उभी राहिले आणि समोरच्या बाकांवरून कालवा सुरू झाला. बाकं बडवताहेत, कागद भिरकावताहेत. सभापती घंटा वाजवून दमले. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, थेट वर्गातल्या आवाजात – "हाताची घडी, तोंडावर बोट!"

सभागृह चिडीचूप. समोरच्या दोघांनी खरंच हाताची घडी घातली. आमच्या बाजूच्याही एकानं! उभी हयात वर्गात गेली, तो आवाज घशातून जाणार कसा? मी काही ठरवून बोलले नव्हते.

मग जो गदारोळ उठला! "सभागृहाचा अपमान!" सभापतींनी बजावलं – गुरुवारी कामकाज सुरू होताच माफी मागा, नाहीतर अधिवेशन संपेपर्यंत बाहेर. म्हणजे प्रश्नही बाद.

घरी आले तर हे म्हणतात, "मी लग्नापासून तेच ऐकतोय. मी कधी तक्रार केली?"

बुधवार, १०

ती चित्रफीत सगळीकडे फिरतेय. भाजीवालीनंसुद्धा मला बघून तोंडावर बोट ठेवलं. शिक्षकांच्या पगाराबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही.

साहेबांनी पक्षाच्या कार्यालयात बोलावलं. जिन्यातच कार्यकर्ते हार घेऊन उभे. साहेब म्हणाले, "माफीबिफी काही मागायची नाही, बाई. ताठ मानेनं बाहेर पडा. गावोगाव तुमच्या सभा लावतो."

"आणि माझा प्रश्न?"

"पुढच्या अधिवेशनात विचारा की. प्रश्न काय पळून जातोय?"

खोटं कशाला लिहू – हार आवडला. पक्षात आल्यापासून पहिल्यांदाच साहेबांनी स्वतः उठून मला खुर्ची दिली. नाही म्हणायला जीभ रेटली नाही.

संध्याकाळी धाकटी आली, खांद्यावर तपासायच्या वह्यांची पिशवी. सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "आई, तुझ्या सभांना मी येईन, टाळ्याही वाजवीन. पण सत्र संपलं की आमची कंत्राटं संपतात. पुढच्या अधिवेशनात तू कुणासाठी विचारशील?"

"म्हणजे तुझ्यासाठी मी त्या लोकांपुढे नाक घासू?"

"माझ्या एकटीसाठी नको."

चहाही न घेता गेली. इतका राग आला तिचा! राग अशासाठी, की कार्टी बरोबर बोलत होती.

गुरुवार, ११

माफी मागितली. उभं राहून, खणखणीत. समोरचे खदाखदा हसले. आमच्या बाजूचे खाली मान घालून बसले. साहेब तर उठून बाहेरच गेले. मी मात्र बसले नाही, कारण पुढचाच प्रश्न माझा होता.

एरवी प्रश्नोत्तरांना पत्रकारांच्या जागा ओस असतात. आज माझी फजिती बघायला तुडुंब भरलेल्या! मंत्री म्हणाले, "प्रस्ताव विचाराधीन आहे." मी विचारलं, विचार कधी पुरा होणार? "योग्य वेळी." मी म्हटलं, वेळ नको, हो की नाही सांगा. तेवढ्यात त्यांच्याच बाजूचा एक आमदार ओरडला, "सांगून टाका हो एकदाचं! आम्हालाही मतदारसंघात तोंड दाखवायचंय!" मंत्र्यांनी वर पत्रकारांकडे पाहिलं, रुमालानं कपाळ पुसलं. म्हणाले, "हो. नव्या सत्रापासून पूर्ण वेतनश्रेणी."

नोंद झाली! सभागृहात दिलेला शब्द हा सरकारचा शब्द, सहजासहजी फिरवता येत नाही. धाकटीचा फोन आला. रडतेय की हसतेय, कळेना. मागे पोरांचा गोंगाट. मीही रडले थोडी.

लगेच साहेबांचा फोन. "बाई, तुम्हाला एकदा सांगितलेलं कळत नाही का?" मंत्र्यांना घाम फुटला तर आमच्या साहेबांच्या अंगाचा तिळपापड का व्हावा? फोन आपटलाच त्यांनी.

शुक्रवार, १२

पक्षाच्या प्रवक्तेपदावरून मला काढलं. निरोप साहेबांच्या ड्रायव्हरनं आणला. बिचारा माझ्याकडे बघतही नव्हता.

रविवार, १४

आमचा पक्ष सरकारात सामील झाला! दुपारी शपथविधी उरकला. साहेब शिक्षणमंत्री. बोलणी म्हणे महिनाभर चालू होती – म्हणून गुरुवारी मी बाहेर हवी होते त्यांना. तो 'हो' आता त्यांच्याच गळ्यात.

सभापतींच्या कार्यालयातून विचारणा झाली – बाई, तुमची जागा बदलायची आहे, सत्ताधारी बाजूला कुठली देऊ?

म्हटलं, विरोधी बाजूचीच ठेवा. नव्या शिक्षणमंत्र्यांच्या बरोबर समोरची.