कुंकू लागलेली कार्डं

६ ऑक्टोबर २००७, हॅरो

बाबांचा डबा शेवटी उघडला. आत बेसबॉल खेळाडूंच्या फोटोंची कार्डं – साठच्या दशकात अमेरिकेत क्लीव्हलंडला शिकायला होते, तेव्हा च्युइंगमच्या पुड्यांतून जमवलेली. पुढे इंग्लंडला आले ते हा डबा घेऊनच.

आई महिनाअखेर अनुपकडे एडिनबराला जाणार. घर रिकामं करायचंय. अनुपचं फोनवर उत्तर तयार – "ताई, जस्ट सेल देम. व्हिंटेज आहेत." याला सगळंच सोपं! आई म्हणाली, "तुम्ही ठरवा." हा तिचा नकार असतो. अनुपला ते कधी कळलं नाही. मला कळतं, पण मी कानाडोळा करते.

१३ ऑक्टोबर

चर्चच्या हॉलमध्ये कार्डवाल्यांचा फेअर. आईही आली, कोट न काढता बसून राहिली. मिस्टर फेरिस म्हणून म्हातारे डीलर, भिंग लावून एकेक कार्ड बघत होते. जुनं म्हणजे मोलाचं, हा माझा समज त्यांनी लगेच खोडून काढला. खेळाडू साधा, कार्ड ढिगानं छापलेलं – मग जुनेपणाला कुणी विचारत नाही. कोपरे झिजले, मागे डिंक लागला, की संपलंच. पण खरी मान हलवली ती लाल डागांवर. "व्हॉट अ पिटी. काय आहे हे?"

कुंकू. दर दसऱ्याला बाबा हा डबा पूजेत मांडायचे, त्यांच्या टूलबॉक्सशेजारी. "परक्या गावात यांनी सोबत केली," म्हणायचे. दरवर्षी एक नवं कार्ड वर ठेवायचे आणि आई त्याला हळदकुंकू लावायची. चांगलं कार्ड आधी, हे ओघानंच आलं. म्हणून चांगलीच बाद झाली.

कोरी, बिनडागाची तेवढी फेरिस बावीस तारखेला येऊन नेणार.

बसमध्ये आईनं विचारलं, "डागाची कुणालाच नकोत?"

"कुणालाच नाही."

"म्हणजे ती घरात राहतील."

"हो, माझ्याकडे."

१४ ऑक्टोबर

आई नीट जेवली नाही.

१८ ऑक्टोबर

अनुपला सांगितलं, मला वाईट वाटतंय. "सेंटिमेंटल नको होऊस गं ताई." खरं तर मला एकही कार्ड द्यायचं नाहीये. पण फेरिसना शब्द दिलाय.

बाबा जाऊन चार महिने झाले. वर्षभर सण नाही. आईनं कुंकवाचा करंडा कपाटात आत ठेवला, तो पुन्हा काढला नाही.

२१ ऑक्टोबर, दसरा

सकाळी खाली आले तर डायनिंग टेबलवर कोरी कार्डं ओळीनं मांडलेली. शेजारी करंडा उघडा. आईचं बोट लाल. प्रत्येक कार्डावर ओलं, ठसठशीत कुंकू.

माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता नाही ना नेणार तो?"

एक कार्ड राहिलं होतं. मी ते तिच्यापुढे सरकवलं.