कुत्रा मान का झटकतो

आप्पा, मी एक कुत्रा पाळलाय. तुम्ही गेल्यावर आठ वर्षांनी आणला, त्यामुळे तुमची त्याची गाठ पडली नाही. कळंब्याच्या तलावाकडे फिरायला गेले होते, तिथल्या कट्ट्याखाली एकटंच पिल्लू बसलं होतं. तांबूस, कान खाली पडलेले. आता तो अकरा वर्षांचा आहे. राजारामपुरीतल्या माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच राहतो. घर जनावरांच्या दवाखान्याला लागून असूनही ज्या मुलीनं कधी कुत्र्याला हात लावला नाही, तिनं कुत्रा पाळला, हे ऐकून तुम्ही हसला असता. पुढं हसण्यासारखं काही नाही.

गेल्या दिवाळीच्या सुमाराला तो मान झटकायला लागला. सकाळी उठला की दोन-तीनदा, खाऊन झालं की एकदा. कान गालांवर फटफट आपटायचे. मला त्याची गंमतच वाटायची. "दूध पाहिजे का रे?" म्हणून विचारलं आणि त्यानं मान झटकली, की मी म्हणायचे, "नको तर राहू दे." त्याचा व्हिडिओ काढून शाळेत बाकीच्या बाईंना दाखवला, सगळ्या हसल्या. खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा जिन्यात थांबल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुमचं कुत्रं लई मान हलवतंय की. कानात काय गेलंय काय बघा." मी म्हटलं, "सवय आहे त्याची." तीस वर्षं मुलांना शिकवतेय, आणि न बघताच उत्तर देऊन मोकळी झाले.

काकूंचा नुसता अंदाज होता, मला तर ठाऊक होतं. मला तुम्ही शिकवलं होतं. मी सातवीत असेन. शिरोळकडच्या त्या दवाखान्यात तुम्ही मलमपट्टी करणारे ड्रेसर, डॉक्टरसाहेब दुसऱ्या गावाला गेलेले, आणि ऊसतोडीतला एक माणूस पोत्यात गुंडाळून कुत्रं घेऊन आलेला. अंगणात उभा राहून तो म्हणाला, "डॉक्टर, ह्येला काय तरी बाधा झालीया. आठ दिस निस्ती मान झटकतंय." तुम्ही म्हणालात, "मी डॉक्टर न्हाय, पावणं. आन् बाधा बी न्हाय. ह्येच्या कानात दुखतंय." मग मला हाक मारून बॅटरी धरायला लावलीत. तुम्ही गुडघ्यावर बसलात, कुत्र्याचा कान उलटा केलात, आणि नाक अगदी आत घातल्यासारखं जवळ नेऊन हुंगलात. त्या कानातून असा वास आला की मी दुसऱ्या हातानं नाक दाबलं आणि "शी" म्हणाले. तुम्ही वर बघितलंत. आवाज चढवला नाहीत, पण तेवढं कठोर तुम्ही माझ्याशी पुन्हा कधी बोलल्याचं आठवत नाही. "नाक दाबायचं आसंल तर घरात जा. त्येला तोंडानं सांगता येत न्हाय म्हणून ते मान झटकतंय. आपल्याला वासानंच कळतंय की."

मी बॅटरी ओट्यावर ठेवली आणि घरात गेले. तुम्ही चिमट्यानं त्या कानातून गवताचं कुसळ काढलंत म्हणे. ते आईनं सांगितलं. मी बघितलं नाही.

नंतर मी कोल्हापुरात आले, शिकले, नोकरीला लागले, हा फ्लॅट घेतला. तुम्ही निवृत्त झाल्यावर वर्षातून दोनदा यायचात. आल्या आल्या बेसिनवर कोपरापर्यंत हात धुवायचात, मग परत एकदा धुवायचात. निवृत्त माणसाच्या हातांना कसला वास राहणार? तरी सोफ्यावर न बसता गॅलरीतल्या खुर्चीत बसायचात आणि विचारायचात, "बाळ, वास येतोय काय गं?" मी "नाही हो आप्पा" म्हणायचे आणि चहा तिथंच नेऊन द्यायचे. सोफ्यावर येऊन बसा, असं मी एकदाही म्हटलं नाही.

संक्रांतीच्या आधीच कुत्र्याच्या अंगाला वास यायला लागला होता. म्हातारपणाचा असेल, असं मी धरून चालले. सुगंधी साबण आणून त्याला दर रविवारी अंघोळ घालायला लागले. पाणी कानात जायचं आणि तो आणखीच मान झटकायचा. मी दटावायचे, "गप उभा राहा." तरी वास जाईना, तेव्हा त्याचं अंथरूण मी माझ्या खोलीतून उचलून गॅलरीत टाकलं आणि मधलं दार ओढून घेतलं. पहिले दोन दिवस तो दारापाशी बसून होता. मग तिथंच झोपायला लागला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तपकिरी ठिपके दिसायचे, ते मी चहाचे शिंतोडे समजून पुसत होते. गेल्या आठवड्यात एक ठिपका ओल्या फडक्यानं पुसला आणि फडकं लाल झालं. त्याच दिवशी त्याच्या कानाची पाळी फुगून पिशवीसारखी लोंबायला लागली. तेव्हा कुठं मी रिक्षा बोलावली.

इथल्या दवाखान्यातली डॉक्टर तरुण मुलगी आहे. तिनं त्याला गुंगीचं औषध दिलं, कानात नळी घालून बराच वेळ बघितलं, फोटो काढले. मग मला समोर बसवून विचारलं, "मान कधीपासून झटकतोय?"

"दिवाळीपासून."

"म्हणजे आठ महिने झाले, मॅडम." ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. "कानात गाठ आहे. तेव्हाच आणला असता तर कानाची आतली नळीच काढून टाकता आली असती. काही कुत्री त्यानंतर वर्षानुवर्षं जगतात. आता ती हाडात शिरलीय, आणि याचं हृदयही अशक्त आहे. ऑपरेशनची भूल सोसणार नाही."

"दुखतंय का त्याला?"

"खूप दुखत असणार. म्हणून तर झटकतो."

आप्पा, चाळीस वर्षांच्या अंतरानं दुसऱ्या कुणीतरी मला तुमचंच वाक्य सांगितलं. घरी आल्यावर मी जमिनीवर बसले आणि पहिल्यांदाच त्याचा कान उलटा करून नाक जवळ नेलं. तो हलला नाही की चावला नाही, नुसतं डोकं माझ्या हातात सोडून दिलं. वास तोच होता. मी नाक दाबलं नाही, पण आता त्याचा काय उपयोग? वासातून जे कळायचं होतं, त्याची वेळ केव्हाच निघून गेलीय.

गोळ्यांनी दोन-तीन तास बरे जातात, मग पुन्हा सुरू होतं. तो मान झटकतो, तोल जाऊन एका बाजूला पडतो, उठतो आणि माझ्याकडे बघतो. अंथरूण मी परत खोलीत आणलंय. पण तो तिथं झोपत नाही, उठून गॅलरीतच जातो. ओढून आणला तर थोडा वेळ माझ्या मनासाठी बसल्यासारखा बसतो आणि परत जातो. तुम्हीही तसेच होतात. शेवटच्या खेपेला तुम्ही आजारी म्हणून मी तुम्हाला आतल्या पलंगावर झोपा म्हटलं, तर "हितंच बरं हाय" म्हणालात. मला वाटलं, तुम्हाला खरंच तिथं बरं वाटतंय.

डॉक्टर म्हणाली, एका इंजेक्शनात तो शांत होईल, त्याला काही कळणारही नाही. तिनं कागद पुढं केला, सहीची जागा दाखवली. मी म्हटलं, "घरी विचारून सांगते." ती म्हणाली, "सावकाश विचारा." याला आज चार दिवस झाले. तिचा दोनदा फोन येऊन गेला, मी उचलला नाही.

या पत्राला पाठवायला ठिकाण नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही. घरी विचारायला माझं कुणी नाही. काय करायचं ते मला दवाखान्यातच कळलं होतं, आणि तुम्हीही तेच केलं असतं, तेही त्याच दिवशी. हे चार दिवस तो कळ सोसतोय ते माझ्यासाठी. शाळेतून आल्यावर कुलूप काढताना आतून त्याच्या नखांचा आवाज येतो. तेवढ्यासाठीच मी फोन उचलत नाही.