दोरी सरंल तिथवर

आई, तुझं भेदऱ्याचं झाड गेलं. आज सकाळी मी सुतळीच्या गाठी एकेक करून कापल्या आणि ते सगळंच्या सगळं अंगावर आलं, वाळलेलं, पिवळं, पण हाताला तोच हिरवाकाळा डाग आणि तोच उग्र वास. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, मी आता तुझ्यापेक्षा वयाने मोठा झालोय, तरी हे सांगायला दुसरं माणूस सुचेना. धाकटी असती तर तिला सांगितलं असतं. तीही गेली, मागच्या उन्हाळ्यात, येवल्याला. तुझं बी इतकी वर्षं तिनेच जपलं, तुझ्यासारखंच राखेत घोळून, चिंधीत बांधून. तिच्या लेकीने ती चिंधी माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "मामा, मला नाय जमायचं हे. आई म्हणायची, दादाच्या हाताला गुण आहे. तुम्हीच लावा." चिमूटभर बी होतं. सगळं पेरलं. त्यातलं एकच रोप जगलं. म्हणजे तुझं उरलंसुरलं सगळं त्या एका झाडात होतं.

निफाडच्या घरामागे, न्हाणीच्या सांडपाण्यावर तुझी ती झाडं. टोमॅटो हा शब्द मी शाळेतून घरी आणला, तू मात्र शेवटपर्यंत भेदरंच म्हणालीस. आता लोकांना वाटतं टोमॅटो म्हणजे कमरेएवढं झुडूप. तुझं भेदरं शेवग्यावर चढायचं. तू काथ्याची दोरी फांदीवरून टाकायचीस, बगलेतले फुटवे नखाने खुडायचीस आणि शेंडा दोरीला वळवत वळवत वर न्यायचीस. मी विचारतोय, "आई, हे केवढं वाढतं गं?" आणि तू दातात सुतळी धरून म्हणतेयस, "त्याला सोताची उंची नसती. दोरी सरंल तिथवर जातं."

"आणि दोरी आभाळाला बांधली तर?"

"मंग तूच चढ तोडायला. सर बाजूला, माझी भाकर करपतीय."

पाण्याचं मापही तुझंच. एका झाडाला एक कडवं. मी पाचवीच्या पुस्तकातली पाखरांची कविता म्हणायची आणि तू कळशीची धार धरायची. कडवं संपलं की धार पुढच्या झाडाला. "भराभर म्हणू नको, झाड उपाशी राहील. आन् लांबवू बी नको, मुळं कुजत्यात." तुला अक्षर येत नव्हतं, पण तिसऱ्या ओळीला मी हमखास अडखळायचो, आणि तू मान वर न करता ती ओळ सांगून टाकायचीस. गुरुजींनी शाबासकी दिली ती मला. खरी पाठ होती तुला. पुढे कितीतरी कविता आवडल्या, अजून आवडतात, पण कविता म्हटलं की मला अजूनही ओल्या मातीचा वास येतो आणि पायाला गार लागतं.

यंदा गणपती उठल्यावर रोप लावलं, इथे नाशिकच्या फ्लॅटच्या गॅलरीत, अर्ध्या कापलेल्या निळ्या ड्रममध्ये. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी त्यांच्या गजाला दोरी बांधू दिली. दिवाळीपर्यंत झाड माझ्या डोक्यावरून गेलं. सून म्हणाली, "नाना, हा टोमॅटो आहे का दुधी?" मग शेंडा थेट वरच्या गॅलरीत शिरला. वहिनी वरून ओरडल्या, "काका, पाहुणा आलाय तुमच्याकडचा! आता आम्ही नाही देत परत. टोमॅटो आमचे, वाळलेली पानं तुमची!" मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो. पिवळी फुलं आली, बोराएवढी हिरवी फळं धरली. मी रोज सकाळी नळी सोडायचो आणि मोठ्याने कडवं म्हणायचो.

पहिली ओळ यायची. दुसरी यायची. तिसरी नाही. मग पुन्हा पहिल्यापासून. नळी चालूच. तिसरी येईपर्यंत कडवं पुरं होत नाही, आणि कडवं पुरं झाल्याशिवाय पाणी कसं बंद करायचं? पानं मलूल दिसली की वाटायचं, तहानलंय. परत नळी, परत पहिली ओळ. हल्ली ओळीच जातात असं नाही गं. परवा कोपऱ्यावरच्या दुकानातून घरी यायचं वळण चुकलं, आणि फिरायला गेलो होतो असं मी घरी सांगितलं. सुनेला ती कविता विचारली तर ती मोबाईलमधून काढून देईल. पण मग तिला कळेल की मला विचारावी लागली. आधी कविता, मग नातवाचं नाव, मग घर. तू असतीस तर भांडी घासता घासता सांगून टाकली असतीस. आता ती ओळ न विचारता सांगणारं कुणीच नाही.

एक फळ फोडून पाहिलं. आत बी नव्हतंच म्हण, नुसतं पांढरं पाणी. बाकीची सुरकुतली. चिंधी रिकामीच घडी करून ठेवली आहे.

हा कागद मी कुठे टाकणार? निफाडचं ते घर विकलं, न्हाणीच्या जागी कुणाची तरी मोटार उभी असते. राहू दे माझ्याचकडे. सुनेने परवा ड्रममध्ये बोट घालून पाहिलं होतं. "नाना, चिखल झालाय हो नुसता. दिवसातून कितीदा घालता पाणी?" मी म्हणालो, "एकदाच. हा करपा रोग आहे. पिंपळगावकडं सगळीकडं पडलाय." बिचारीने लगेच औषध आणून फवारलं. उद्या नर्सरीतून नवं रोप आणते म्हणते, बुटक्या जातीचं, दोरी न लागणारं.

दोरी अजून वरून लोंबतेय. हातभर उरली होती. करपा नव्हता, आई.