इद्वाल मॅडॉकला न मिळालेले घर

मी ग्विलिम प्रोसर, वय त्र्याहत्तर, ऱ्होंडा खोऱ्यातला निवृत्त खाणकामगार, सव्वीस वर्षे कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीवर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहितो. फुप्फुसांत कोळसा बसला आहे, डोके शाबूत आहे. देवाला साक्षी ठेवत नाही. ती सवय कधी नव्हती.

१. संसदेसाठी पाच वेळा उभा राहिलो, पाचही वेळा पडलो. त्या भाषणांच्या वह्या मुलगी नेरिसने शेगडीत घालाव्यात. मॉस्कोबद्दल एक पान जरी स्वतः पाहून लिहिले असते तरी ठेव म्हटले असते.

२. पुस्तके कामगार वाचनालयाला. खाणीतला दिवा नेरिसला. माझ्या आजारपणात छापील पत्र पाठवून त्यातही नाव चुकवणाऱ्या लंडनच्या पुढाऱ्याला काही नाही.

३. राहते घर मेहुणा इद्वाल मॅडॉक यास. कारण असे: छप्पन साली मॉस्कोने हंगेरीत रणगाडे कामगारांवरच घातले, असे इद्वाल शाखेच्या सभेत म्हणाला. त्याला पक्षातून काढायचे ठरले. असा ठराव जवळच्या माणसाने मांडायचा, म्हणजे आकसाचा आरोप येत नाही, ही आमच्या शाखेची रीत. मी मांडला. बाकी सगळ्यांचे हात वर गेले, फक्त माझी बायको ऑल्वेन, म्हणजे इद्वालची बहीण, हिचा गेला नाही. इतिवृत्तात मी ‘एकमताने’ लिहिले. घरी ती म्हणाली, “मी तिथं नव्हतेच का रे?”

काढलेल्याशी बोलायचे नाही, हीही रीत. अठरा वर्षे त्याला पाहिले की मी रस्ता ओलांडला. ऑल्वेनच्या दफनाला तो फाटकाबाहेर उभा होता. मी आत बोलावले नाही. तो खरे बोलतो आहे हे मला त्या सभेतच कळत होते. याची मला लाज वाटते.

४. काल हा मसुदा घेऊन त्याच्या दारी गेलो. त्याने उभ्यानेच वाचला.

“घर देऊन सुटायचंय होय तुला?”

“नाही. तू वाचावंस म्हणून आलो.”

“साक्षीला कोण?”

“शेजारची डिलिस. दोन लागतात, दुसरं कोणी मिळालं नाही.”

“मी करतो सही.”

“साक्षीदाराला वारसा मिळत नाही, इद्वाल. वकिलानं बजावलंय. घर जाईल तुझं.”

“नेरिसला दे. अठरा वर्षं मी काय तुझ्या घराची वाट बघत होतो?”

म्हणून कलम तीनमधले घर नेरिसला. कारण मात्र कोणी खोडू नये.

ऱ्होंडा, ९ नोव्हेंबर १९७४
ग्विलिम प्रोसर (सही)

आम्हा दोघांदेखत सही झाली:
डिलिस टेग, शेजारीण
इद्वाल मॅडॉक, मेहुणा