सतरा एक आणि बाकी शून्य

मी, ताराचंद नानाजी रेवतकर, वय एकोणसत्तर, निवृत्त गणितशिक्षक, राहणार धरमपेठ, नागपूर, हे मृत्युपत्र माझ्या अकलेने, माझ्या हाताने, कोणाच्याही धाकाशिवाय लिहितो. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. शंका असेल त्याने येऊन मला एकोणतीसचा पाढा विचारावा.

१. नरखेडच्या संत्र्याच्या बागेतला माझा हिस्सा पुतण्या कृष्णकांत यास. "आत्या फुकट खाते" असे तो दोनदा बोलला. तरी देतो, कारण बाग त्याच्या बापाने जगवली.

२. राहते घर सामानासकट माझ्या धाकट्या विधवा बहिणीस. तिला तिथून कोणीही हलवू नये.

३. एकशे बारा वह्या, त्याही बहिणीस. कृष्णकांत त्या रद्दीत घालायला निघाला होता, म्हणून आत काय आहे ते सांगतो. सतरा वेळा एक लिहिला की होते १११११११११११११११११. दिसायला किती भोळी, पण काय मानी संख्या! तिला भागणारी प्रत्येक मूळ संख्या चौतीसच्या पटीहून एकाने जास्तच असावी लागते: १०३, १३७, २३९ अशी. चौदा वर्षे मी रोज दोन-तीन भागाकार केले. चौदा हजार संख्या तिने दारातून परत पाठवल्या. असा ताठा मी माणसात पाहिला नाही.

४. माझ्या भागाकारांचा ताळा बहीण करी. शिक्षण चौथी. १९७४ साली जुनी वही घेऊन आली आणि म्हणाली, "दादा, इथं तू चुकला गा."

मी खेकसलो, "नवाचा ताळा जुळला ना? मग झालं!"

"नवाचा जुळते. अकराचा नाही जुळून राहिला."

१९६९ मध्ये २०७१७२३ ने भागताना पहिल्या वजाबाकीत ७५२४९६ उरले होते, मी खाली ७५२९४६ उतरवले. आकडे उलटेपालटे झाले तरी बेरीज तीच, म्हणून नवाचा ताळा खुशाल जुळतो. अकराचा लावून पाहावा हे तिला सुचले, मला नाही. तिने भागाकार नव्याने केला. आले ५३६३२२२३५७, बाकी शून्य. पाच वर्षे मी उत्तर मागे टाकून पुढे घासत होतो, आणि मरेपर्यंत घासत राहिलो असतो. हे परदेशात फार पूर्वीच ठाऊक होते असे नंतर कळले. पण तिला कोणी सांगितले नव्हते. धन्य ती पोरगी!

५. पुढे शिक्षकांच्या मंडळाने माझा सत्कार केला. भाषणात मी "मला सापडले" म्हणालो. ती समोरच बसली होती. घरी येऊन तिने माझी शाल घडी करून ठेवली आणि पोळ्या लाटायला घेतल्या. आजही लाज वाटते. तरी माझ्या तेरवीला, पंगत बसण्याआधी, कृष्णकांतने चौथे कलम सर्वांसमोर मोठ्याने वाचावे.

इथवर वाचून साक्षीदार, शेजारचे चंपतराव म्हणाले, "गुरुजी, मरेपर्यंत काहून थांबता? बाई तर सैपाकघरात आहे."

तिला बोलावून मी सगळे वाचून दाखवले. पदराला हात पुसत तिने शेवटपर्यंत ऐकले.

"घर देलं, वह्या देल्या. माह्यं नाव कुठं आहे? सारीकडे बहीण, बहीण."

दुरुस्ती: तेरवीची अट रद्द, वाचून झाले आहे. वर जिथे जिथे बहीण लिहिले आहे, तिथे तिथे भागीरथा रुपराव चरडे असे वाचावे. २०७१७२३ हा अवयव भागीरथा रुपराव चरडे यांनी शोधला.

लिहून देणार: ताराचंद नानाजी रेवतकर (सही)

आमच्यासमोर सही झाली:
चंपतराव बेलखोडे (सही)
इंदुताई काळमेघ (सही)

धरमपेठ, नागपूर
१२ फेब्रुवारी १९७८