तिसऱ्या कडव्याची गती

बाबा, काल तुमचा आवाज संगणकात घातला. घाबरू नका, काही दुखणार नाही. तुमची कापसावरची कवनं, कॅसेटमधला तुमचाच आवाज आणि खाली माझा इलेक्ट्रॉनिक ठेका, असा सध्या माझा उद्योग आहे आणि लोक चक्क तिकीट काढून ऐकायला येतात. अडचण एवढीच की संगणकाला एक ठरलेली लय लागते आणि तुम्ही तिसऱ्या कडव्यात सुसाट सुटता.

मी तुमच्या साथीला होते तेव्हाही याच सवयीने माझा जीव टांगणीला लावला होता. कापसाचे हाल सुरू होते, आपल्या गायन पार्टीचा ढोलकीवाला पोट भरायला सुरतेला निघून गेला, म्हणून मी जुना कीबोर्ड मिळवला; तुम्ही सगळे त्याला पेटीच म्हणायचात. त्यात तयार ठेका वाजायचा. त्या ठेक्यामुळे पोरगी असून मला तुमच्या मागे स्टेजवर जागा मिळाली. घरात धड चालणारा प्लग एकच, तोही स्वयंपाकघरात, म्हणून आपण तिथेच सराव करायचो. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "त्या पेटीपरीस माह्यं थापणं तालात हाय." आईचं खरं होतं, पण तेव्हा तिला कोण विचारतो!

बाभूळगावच्या कार्यक्रमात तुम्ही गात होतात, "बियाणं म्हणे नवं, अळी मात्र जुनी, कापसाआधी पिकली पुढाऱ्याची वाणी." तिसऱ्या कडव्यात तुम्हाला चेव आला. तुम्ही पुढे निघालात आणि पेटी आपली मागून रमतगमत. तुम्ही गाणं थांबवलंत, वळलात आणि माइकमधूनच पेटीला झापलंत, "काहून वं, पाय दुखून राह्यले काय तुह्ये? मी कुठी गेलो अन् तू कुठी हायस!" लोकांना वाटलं हा कार्यक्रमातलाच भाग. हसून हसून लोळले, वन्समोर मागितला. तुम्ही मात्र हसला नाहीत. परतताना जीपमध्ये म्हणालात, "पुढच्या खेपेले हे पेटी नाही. ढोलकीवाला पाह्यतो मी." पेटी गेली की मीही घरी, हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

मग मी ठेक्याची गती वाढवायचं बटण डाव्या करंगळीने दाबायला शिकले. नजर तुमच्या मानेवर. शीर फुगली की करंगळी सुरू. दारव्ह्याच्या कार्यक्रमाला ढोलकीवाला काही मिळाला नाही, म्हणून नाइलाजाने मला नेलंत. तिसऱ्या कडव्यात तुम्ही धावलात आणि पेटी तुमच्याबरोबर धावली. तुम्हाला केवढा आनंद! "यंत्राले माणसात आणलं मी," असं भर सभेत सांगितलंत. आयोजकांनी तुम्हाला शाल दिली, ती तुम्ही काढून पेटीला पांघरलीत. टाळ्या पडल्या. मागे मी उभी, करंगळीत गोळे आलेले. इतका राग आला की दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही आईला विचारत होतात, "हिले झालं तरी काय?"

काल ऐकली ती कॅसेट त्याच कार्यक्रमाची. तिसरं कडवं संपतं, टाळ्या पडतात आणि त्या टाळ्यांत तुम्ही झांजवाल्या काकांना हळूच म्हणता, "पेटी नोको पाहू, पोरीची करंगळी पाह्य. मी धावलो का ते धावते." मी ते पाच-सहा वेळा ऐकलं आणि मग हेडफोन काढून रडले. म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं. तोंडावर कौतुक केलं की पोरगी बिघडते, हे तुमचं शास्त्र!

तुमची लय संगणकावर सरळ करणार होते, केली नाही. ठेकाच पुन्हा हाताने तुमच्यामागे पळवला.

तुम्ही आता नाही, त्यामुळे हे पत्र कुठे टाकायचा प्रश्नच नाही. पण एक सांगायचं राहिलं. ती कॅसेट तुम्ही मला त्याच आठवड्यात आणून दिली होती. "ऐकून पाह्य," असं दोनदा म्हणालात, तिसऱ्यांदा विचारलंत, "ऐकली का?" मी शालीच्या रागात होते. "ऐकली, मस्त हाय," असं मी खोटंच सांगितलं.