हे लाटेवर उभे राहणार

५ मार्च १९९५, रविवार
अपूर्वाचा फोन. एकुलती एक लेक आमची, कोवळमला हॉटेलात रिसेप्शनवर. लग्न ठरवलं म्हणाली — स्वतःच! मुलाचं नाव शाजी. तिथल्या समुद्रावर टूरिस्ट लोकांना सर्फिंग शिकवतो. ह्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि बाहेर जाऊन स्कूटर पुसत बसले. कालच पुसली होती.

७ मार्च
दोन दिवस नुसती स्कूटर पुसणं. शेवटी ह्यांनी विचारलं, सर्फिंग म्हणजे काय. लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभं राहायचं, मी सांगितलं. आणि मग? मग काय, किनाऱ्याला यायचं.
"मतलब, जिथून निघाला तिथेच परत," हे म्हणाले. "ह्याला काय नोकरी म्हणतात?"
उभा जन्म बँकेच्या फ्रीगंज ब्रँचमध्ये जाऊन संध्याकाळी घरी परत येणारा माणूस हा. तोंडावर बोलले नाही. इथे लिहिलं.

१९ मार्च
ठरलं. एप्रिलमध्ये चार दिवस कोवळम. मुलगा बघायला नाही हं — तसं म्हणायचं नाही. हे त्याच्याशी एक शब्द बोलणार नाहीत. मग जायचं कशाला? तर सर्फिंग शिकायला. त्याच्याचकडे. माणूस काम कसं करतो ते बघायला नको? बँकेत इन्स्पेक्शन असतं तसं. न बोलता शिकणार कसे, विचारलं. तर म्हणे, खुणांनी.

२ एप्रिल
दिवाणावरचा लोड जमिनीवर, त्यावर पाट, पाटावर हे — हात पसरून. पाट निसटला, हे सोफ्यात. नेमके वरचे तिवारीजी दारात. "योगा कर रहे हैं, भाईसाहब?" समंदर की प्रैक्टिस, मी सांगून टाकलं. आता सगळ्या माधव नगरला कळलंय.
ह्यांनी देवास गेटच्या बाजारातून हाफ पँट आणली. हे तिला पट्टा लावून बघत होते. ह्यांना पोहता येत नाही, हे मात्र कुणाला सांगायचं नाही. इथल्या क्षिप्रा नदीत कमरेएवढ्या पाण्याच्या पुढे कधी गेले नाहीत.
जेवताना एकदम म्हणाले, "चारू, मग ती तिकडेच राहणार का गं?" मी भात वाढला.

८ एप्रिल
उद्या निघायचं. भोपाळला गाडी बदलून त्रिवेंद्रम. ह्यांनी अपूर्वाच्या आवडीची, लवंग घातलेली लौंग सेव वेगळी बांधून घेतली. रस्त्यात लागते म्हणे. रस्त्याची मी आधीच ठेवलीय!

कोवळम, १२ एप्रिल
शाजी सावळा, हसरा. हिंदी मोडकीतोडकी, पण बोलतो बिनधास्त. ह्यांना वाळूत फळीवर पालथं झोपवलं. आजूबाजूला गोरी पोरं, मधे आमचे हे, माणिकराव, बनियनवर. खुणाच चालल्या होत्या. अपूर्वा तोंड फिरवून हसत होती. मग बघते तर रडत होती. बाबा माझ्याशीही बोलत नाहीत, म्हणाली. माझं हसू तिथेच विरलं.

१३ एप्रिल
आज हे पाण्यात उतरले. पहिल्याच लाटेत फळी एकीकडे, हे दिसेनात. शाजीने बुडी मारून हात धरून वर काढलं. पाणी घोट्याएवढं झालं तरी ह्यांनी तो हात सोडला नाही. तसेच आमच्यापर्यंत चालत आले. खोकले. मग त्याला म्हणाले, "बेटा, तुम्हारे पिताजी घर पे कब मिलेंगे?"